बसथांब्यावरची ऑर्नेटा

ऑर्नेटा हकाबी आधी ऐकू येते, मग दिसते. माझ्या लाँड्रीचं दार उघडायच्या आत तिचं हसणं रस्त्यावरून आत शिरतं, आणि कपडे वाळवायच्या यंत्रांची घरघर त्यात बुडून जाते. क्लीव्हलंडच्या पूर्वेला आमच्या ग्लेनव्हिल वस्तीत मी लाँड्री चालवते त्याला तेवीस वर्षं झाली. इथं तिला सगळे 'मिस नेटा' म्हणतात, मला 'मिस शैला'. मराठीत एखादं काम 'नेटानं' करणं म्हणजे काय, ते मी तिला एकदा सांगितलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडं लोक माझं नाव घेऊन कामं करतात? आणि मला कुणी सांगितलंही नाही?" पुढं आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला तिनं ही बातमी पुरवली.

मी सांगतेय ते सुरू झालं तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. एकोणीस वर्षं तिनं एका शाळेच्या मुदपाकखान्यात पातेली घासली, पोरांना जेवण वाढलं. मग शाळेनं डबाबंद जेवण मागवायला सुरुवात केली आणि मुदपाकखान्याला कुलूप लागलं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. नवऱ्याचं आडनाव तिनं नवऱ्याबरोबरच ॲक्रनला परत पाठवून दिलं होतं आणि वडिलांचं पुन्हा लावलं होतं.

वडिलांवर तिचा भारी जीव. ॲम्ब्रोज हकाबी एका कोळशाच्या वीजघरात एकतीस वर्षं राख उपसत होते. राखेच्या खड्ड्यात काळे आणि बटणांच्या खोलीत गोरे, अशी तिथली वाटणी. कागदावर कुठंच लिहिलेली नव्हती, पण एकतीस वर्षांत एकदाही चुकली नाही. त्या खोलीत ते एकदाच गेले, नाताळच्या आधी फरशी पुसायला. घरी येऊन पोरांना म्हणाले, "काय दिवे होते रे! हिरवे, तांबडे, पिवळे. सगळ्या गावाची वीज त्या टेबलावर, आणि माझ्या हातात फडकं!" सांगताना ते हसायचे. नेटा म्हणते, ते हसणं तिनं उचललं, पण फडकं उचलायचं नाही असं ठरवलं होतं. तरी एकोणीस वर्षं फडकं हातात होतंच.

मग त्या वसंतात चर्चच्या फलकावर एक चिठ्ठी लागली. शहरातल्या चाळीस शाळांच्या आणि वाचनालयांच्या छतांवर सोलर पॅनल बसवायची होती. कोळसा संपला, आता उन्हावर वीज. ज्या वस्तीत काम त्या वस्तीतल्या लोकांना एक तृतीयांश नोकऱ्या, अशी करारातच अट. शिकवणी फुकट, चर्चच्या तळघरात, बारा आठवडे. नेटानं चिठ्ठी वाचली, फलकावरून काढली आणि पर्समध्ये घातली.

"अगं, ती सगळ्यांसाठी आहे!" अर्लीन ओरडली. अर्लीन म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या बार्बेक्यू दुकानाची मालकीण आणि नेटाची बालमैत्रीण.

"मला आधी जागा मिळू दे, मग परत लावते," नेटा म्हणाली. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी नाव नोंदवून तिनं ती परत लावली.

शिकवायला होते मिस्टर लिओटिस क्रूम. वय एकाहत्तर, गळ्यात रोज बो-टाय. तरुणपणी इथल्या वायरमन लोकांच्या युनियनमध्ये ते अकरा वर्षं एकटेच काळे सभासद होते. तेव्हा मुकादम त्यांना 'ए पोरा' म्हणायचे, म्हणून आता वर्गातल्या प्रत्येकाला ते आडनावानं आणि आदरानं हाक मारत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मिस हकाबी, वीज तुमचा रंग बघत नाही, वय बघत नाही. फक्त चूक बघते."

"मग मिस्टर क्रूम, मला माणसांपेक्षा वीजच बरी!"

वर्गात हशा. म्हातारे गंभीरच राहिले, पण बो-टाय हलत होता, असं ती शपथेवर सांगते.

बारा आठवड्यांनी बाराच्या बारा जण पास झाले आणि नेटा पहिली आली. तिनं लाँड्रीत येऊन मला वायरचे रंग म्हणून दाखवले, गाण्याच्या चालीवर. पॅनल बसवणाऱ्या कंपनीनं त्यातले अकरा जण घेतले. बाराव्याला दुसरीकडं आधीच काम लागलं होतं. सोमवारी सकाळी नवे बूट घालून अकराही जण पहिल्या शाळेच्या आवारात हजर झाले.

मुकादम होता क्रेग. दूरच्या उपनगरातून यायचा आणि छतावर चढणारे गडीही तिकडूनच आणायचा. सगळे गोरे. आमच्या अकरा जणांच्या हातात त्यानं झाडू दिले, पॅनलची खोकी फोडून पुठ्ठे रचायला सांगितले, आणि एकाला रस्त्यावर 'हळू चालवा' अशी पाटी धरून उभं केलं. पहिला आठवडा असाच असतो, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. दुसरा आठवडाही तसाच गेला, आणि तिसराही.

"क्रेग, आम्ही छतावर कधी जायचं?" नेटानं विचारलं.

"अनुभव लागतो, नेटा."

"कुठं मिळतो?"

"छतावर."

"बरं. मग जाऊ?"

"अनुभव नाही ना तुला."

हा संवाद तिनं दुपारी मला करून दाखवला, दोन्ही आवाजांत. यंत्रांजवळ बसलेल्या बायका पोट धरून हसल्या. हसता हसता मी तिचं कामाचं जाकीट झटकत होते. तेवीस वर्षांत कपड्यांवरून माणसाचा धंदा ओळखायला शिकलेय मी. रंगाऱ्याची बाही मला कळते आणि खाटकाची विजारही. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मिस नेटा, तुझ्या खिशातून कधी एक स्क्रूसुद्धा निघत नाही गं."

तिनं माझ्या हातून जाकीट घेतलं आणि दोन्ही खिसे उलटे करून पाहिले.

गोम अशी होती की पगाराच्या चिठ्ठीवर अकराही जणांच्या नावापुढं 'पॅनल जोडणारा कामगार' असंच लिहिलेलं असायचं. शहराची अट कागदावर चोख पाळली जात होती. पण वायरमनचं कार्ड मिळायला जोडणीच्या कामाचे तास लागतात, आणि झाडू मारल्याचे तास कुणी धरत नाही. म्हणजे चाळीस छतं संपली तरी हे अकरा जण जमिनीवरच राहणार होते.

जुलैत एक दिवस कंपनीच्या कचेरीतून फोटोवाला आला. त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली आणि बोट दाखवलं, "त्या बाई. काय हसतायत बघा!" नेटाला कोरं पिवळं हेल्मेट मिळालं. क्रेगनं गाडीतून एक ड्रिल काढून तिच्या हातात दिलं. गाड्या लावायच्या जागेत एका उलट्या खोक्यावर तिला उभी केली आणि फोटोवाला स्वतः जमिनीवर आडवा झाला, म्हणजे मागं नुसतं आभाळ दिसावं. चार मिनिटांत काम आटोपलं. ती खोक्यावरून उतरायच्या आत क्रेगनं ड्रिल परत घेतलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वस्तीतल्या एकूण एक बसथांब्यावर नेटा लागली. सहा फूट उंच, हेल्मेटखाली ते हसू, हातात ड्रिल. खाली मोठ्या अक्षरांत: 'उद्याची वीज, सगळ्यांच्या हातांनी.'

आमच्या रस्त्याला वेडच लागलं. बसचे ड्रायव्हर थांब्यावर भोंगा वाजवायला लागले. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. अर्लीननं सॉसेज, तळलेले बटाटे आणि कोबी एकत्र भरलेल्या पावाला 'सोलर नेटा' नाव दिलं आणि वर मिरचीचा रस्सा ओतला, "कारण ऊन आहे बाबा, लागायलाच पाहिजे." ॲक्रनहून जुन्या नवऱ्याचा फोन आला. "मी बसमधून पाहिलं तुला," तो म्हणाला. "बसमध्येच बसून राहा," ती म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्या तिला बिघडलेले पंखे, मुके रेडिओ आणून द्यायला लागल्या. गंमत म्हणजे नेटा ते दुरुस्त करायची! पंखा फिरायला लागला की स्वतःच ओरडायची, "अरे, खरंच जमतंय मला!"

आणि एका दुपारी मिस्टर क्रूम लाँड्रीसमोरच्या थांब्यावर आले. त्यांनी चष्मा पुसला, पोस्टरजवळ नाक नेलं आणि ड्रिल न्याहाळलं, परीक्षेचा पेपर तपासावा तसं. मी आणि नेटा दारातून बघत होतो. ते एकदम मागं सरले. खांदे हलायला लागले. मग ते थांब्यावरच्या बाकावर बसले, खरं म्हणजे कोसळलेच. आम्ही घाबरून धावलो.

"मिस्टर क्रूम! काय होतंय? पाणी आणू?"

त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बोट पोस्टरकडं. "मिस हकाबी... बॅटरी..."

"कसली बॅटरी?"

"ड्रिलला बॅटरीच नाही! खाली बघा, मोकळी खाच आहे!"

आम्ही पाहिलं. खरंच! मुठीच्या खाली जिथं बॅटरी बसते तिथं नुसतं निळं आभाळ दिसत होतं. सहा फुटी हसऱ्या नेटाच्या हातात मढं होतं ड्रिलचं. अकरा वर्षं एकट्यानं युनियनमध्ये काढलेला तो कडक म्हातारा लहान मुलासारखा खिदळत होता. नेटानं त्यांच्याकडं पाहिलं, पोस्टरकडं पाहिलं, आणि तीही बाकावर बसली. बस आली, दारं उघडली, ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं?" आणि तिघंही एकदम ओरडलो, "बॅटरी नाही!" बस हलेना. उतारू खाली उतरून बघायला लागले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. कोण कुणाला भेटलं की विचारायचं, "बॅटरी कुठंय?" कंपनीची गाडी रस्त्यावरून गेली की न्हाव्याच्या दुकानातून आरोळी यायची, "क्रेग! बॅटरी कुठंय?"

पण हसून झाल्यावर मिस्टर क्रूम नेटाला म्हणाले, "मिस हकाबी, ऑक्टोबरात दुसऱ्या टप्प्याचा करार आहे. आणखी साठ छतं. शहराची समिती लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. माणशी दोन मिनिटं. काय बोलाल?"

"मला भाषण येत नाही, मिस्टर क्रूम."

"मग जे येतं ते करा."

सुनावणी एका सभागृहात होती, सकाळी दहाला. मी लाँड्रीला कुलूप लावून गेले. अर्लीननं दुकान बंद ठेवलं, जे तिनं स्वतःच्या बाळंतपणातही केलं नव्हतं. समोर पाच सभासद आणि मधोमध अध्यक्षबाई. कंपनीच्या साहेबांनी नेटाचं ते पोस्टर स्टँडवर लावून ठेवलं होतं. ते वीस मिनिटं बोलले. "एक तृतीयांश कामगार स्थानिक. आकडे आमच्या बाजूनं आहेत," असं म्हणून त्यांनी पोस्टरकडं हात केला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी शिंकावं तसं हसलं.

नेटाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली. तिच्या काखेत लाकडी फळी होती, मागोमाग मिस्टर क्रूम हत्यारांची पेटी घेऊन. ती पोस्टरशेजारी उभी राहिली, तेव्हा पाचही सभासदांनी आधी हिच्याकडं आणि मग पोस्टरातल्या तिच्याकडं पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ही मी. आणि हे माझ्या हातात ड्रिल आहे, त्याला बॅटरी नाही. चार मिनिटं दिलं होतं मला. कंपनीत लागून चार महिने झाले, मी अजून एकही छत पाहिलेलं नाही. पगाराच्या चिठ्ठीवर मी जोडणारी कामगार आहे आणि हातात झाडू आहे. माझे वडील असेच गेले, राख उपसत. हे कंपनीवाले सांगतात की आम्हाला अनुभव नाही, म्हणून मी काम करून दाखवते. एक दिवा, दोन बटणं, जिन्यात असतं तसं. पण दोन मिनिटांत नाही व्हायचं."

अध्यक्षबाई घड्याळाकडं बघत म्हणाल्या, "नियम दोन मिनिटांचाच आहे, मिस हकाबी."

तेवढ्यात अर्लीन उभी राहिली. "माझी दोन मिनिटं तिला."

"माझीपण," मी म्हणाले. का कोण जाणे, मी हातही वर केला, शाळेतल्यासारखा.

मग एकेक जण उठायला लागला. वर्गातले सोबती, न्हावी, पाद्रीबाबा, बसचा एक ड्रायव्हर. "माझी घ्या." "माझीही घ्या." अध्यक्षबाईंनी मोजून सांगितलं, "तुमच्याकडं बेचाळीस मिनिटं झालीत." सभागृह हसलं, त्याही हसल्या.

नेटाला सहा लागली. वायर सोलताना ती स्वतःशी ते रंगांचं गाणं पुटपुटत होती. शेवटचा स्क्रू आवळला, फळी उभी केली, भिंतीतल्या प्लगमध्ये पिन खोचली, बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

दुसरं बटण दाबलं. काहीच नाही. साहेबांशेजारी बसलेला क्रेग खुर्चीत मागं रेलला. मिस्टर क्रूम मात्र जागचे हलले नाहीत. नेटानं फळीला हात लावला नाही. पेटीतून टेस्टर काढला, वाकून भिंतीत घातला, आणि सरळ उभी राहून जाहीर केलं, "मॅडम, तुमचा प्लग मेलाय."

अगदी मागं उभा असलेला सभागृहाचा झाडूवाला ओरडला, "गेल्या हिवाळ्यापासून मेलाय! तीन अर्ज दिलेत मी!"

नेटा दुसऱ्या भिंतीकडं गेली. बटण दाबलं. दिवा लागला. दुसऱ्या बटणानं विझला. पहिल्यानं पुन्हा लागला. अर्लीन खुर्चीवर चढली. पाद्रीबाबा खिडकीशी जाऊन पुन्हा पुन्हा देवाचं नाव घेत होते, आणि न्हाव्यानं मला उचलून खाली ठेवलं. अध्यक्षबाई टेबल ठोकत होत्या, पण कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि त्यांनाही फारसं ऐकवायचं होतं असं वाटलं नाही.

एका दिव्यानं जग पालटलं असं मी म्हणणार नाही. निर्णयाला सात आठवडे लागले. त्या अवधीत अकरांपैकी चौघं कंटाळून दुसरीकडं गेले, आणि त्यातली ओडेसा तर पास होताना नेटाच्या फक्त दोन गुणांनी मागं होती. ते दुःख नेटा आजही बोलून दाखवते. पण करार बदलला. कोण किती माणसं ठेवतं एवढंच न बघता कोणाच्या हातून कोणतं काम किती तास होतं, ते दर महिन्याला छतावर चढून बघायचं, असं ठरलं. कंपनी कुरकुरली आणि मग गुमान तयार झाली, कारण साठ छतं सोडवेनात. उरलेल्या सात जणांना युनियनच्या उमेदवारीत, म्हणजे पगार घेत काम शिकायला, घेतलं गेलं. पन्नासाव्या वर्षी नेटा तिथली सगळ्यात वयस्क उमेदवार.

छतावरचा पहिला दिवस तिनं मला कितीदा सांगितलाय, आणि दर वेळी शिडी दोन पायऱ्यांनी लांबते. वर पोचली आणि डोकं गरगरायला लागलं. तिला हसू फुटलं, थांबेचना. पीट नावाचा एक गोरा गडी धावत आला. त्याला वाटलं बाई रडतायत.

"बसा, बसा आधी. मीसुद्धा पहिल्या दिवशी अर्धा तास बसून होतो. क्रेगला सांगू नका."

"मी रडत नाहीये रे बाळा!"

"मग?"

"मला तळं दिसतंय! पन्नास वर्षं या गावात राहते, आणि इथून तळं दिसतं हे मला कुणी सांगितलं नाही!"

पीट तिच्याशेजारी बसला. दोघांनी ते उत्तरेकडचं समुद्राएवढं तळं बघितलं. मग त्यानं तिला पडू नये म्हणून लावायचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं, स्वतःच्या हातांनी एकेक बकल घट्ट करून. त्या आठवड्यात माझं तीन नंबरचं यंत्र मधेच अडकून थांबलं. उघडलं तर आत मूठभर स्क्रू. दुरुस्तीवाला चिडला होता आणि मी मात्र त्याला चहा करून पाजला.

पाच वर्षं लागली. तासांची नोंद, रात्रशाळेचा गृहपाठ, दोनदा हुकलेला गणिताचा पेपर, आणि एकदा अंगठ्यावर पडलेली लोखंडी पट्टी. या वसंतात पंचावन्नाव्या वर्षी तिला वायरमनचं पूर्ण कार्ड मिळालं. तिच्याबरोबर आमच्या वस्तीतल्या, जुन्या-नव्या मिळून, आणखी नऊ जणांना. ओडेसाही त्यात होती. नेटानं तिला दोन महिन्यांनी शोधून, जवळजवळ ओढत परत आणलं होतं.

रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर सगळे चाकाच्या बुटांवर स्केटिंग करायच्या रिंगणावर गेले. आमच्याकडं मोठी माणसंही तिथं जातात, आणि भारी नाचतात. मिस्टर क्रूम शहात्तरीच्या वर, बो-टाय लावून एका पायावर गिरक्या घेत होते. "यांना कुठून येतं हे?" मी विचारलं. अर्लीन म्हणाली, "अगं, युनियनमध्ये अकरा वर्षं कुणी बोलत नव्हतं. शनिवार मोकळे होते."

मी जन्मात चाकं पायात घातली नव्हती. नेटानं माझे बूट स्वतः बांधले, खेचून बघितले आणि म्हणाली, "पक्कं बसलंय. तपासलंय मी." मग कार्डवाले दहाही जण एकामागं एक, पुढच्याची कंबर धरून रांगेत उभे राहिले, आणि मला मधोमध खुपसलं. गाणं सुरू झालं. रांग हलली, वळली, वेग घ्यायला लागली. भिंती, दिवे, माणसं सगळं एकत्र फिरायला लागलं. मी मराठीत ओरडत होते, "अगं आई गं! थांबवा!" आणि पुढून नेटा न वळताच ओरडत होती, "काय म्हणतेस ते कळत नाहीये, मिस शैला! पण जोरात म्हण!"